कळेच्या अलीकडं

सूक्ष्मसुयांची लसपट्टी पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. नाण्याएवढा गोल तुकडा, कडेला चिकटपट्टी आणि मधोमध नखभर जागेत काहीतरी खरखरीत. सुई म्हणून भीती वाटावी असं त्यात काही दिसत नाही. उजेडात तिरकी धरली तर रांगेनं उभी टोकं किंचित चमकतात. भिंगाखाली मात्र शंभरेक शंकू दिसू लागतात, सगळे एका उंचीचे, एका अंतरावरचे. या पट्टीचं सगळं कसब मायक्रॉनांत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत आहे. म्हणून ती घाईनं पाहून उपयोग नाही.

बेळगाव भागातल्या वाचकाला या वस्तूची पारख करण्याचा जरा जुना हक्क आहे. बेळगुंदी गावापासून थोड्याच किलोमीटरवर, बेळगावच्या टिळकवाडीत, व्हॅक्सिन डेपो आहे. आज लोक तिथं झाडांखाली सकाळी फिरायला जातात, मैदानावर प्रदर्शनं भरतात. नावाचा अर्थ बहुतेकांच्या ध्यानातही नसतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई इलाख्याच्या सरकारनं इथं देवीच्या लसीचं काम सुरू केलं. वासरांच्या कातडीवर लस वाढवायची, खरवडून घ्यायची, ग्लिसरीनमध्ये घोटायची आणि गावोगाव धाडायची. पुढं देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गोठवून सुकवलेली लस बनवणाऱ्या देशातल्या चार संस्थांत, पटवाडांगर, हैदराबाद आणि मद्रासच्या गिंडीच्या जोडीला, बेळगाव होतं. आणि ही लस स्नायूत कधीच दिली जात नसे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली, तेव्हापासून ती कातडीतच टोचली जात होती. सिरिंज आणि लांब सुईचा रिवाज पडला आणि आपण कातडीला नुसता वाटेतला अडसर समजू लागलो. पट्टी पुन्हा कातडीकडं वळते, पण हातात मोजपट्टी घेऊन.

तिच्या आधीच्या पिढीतली एक वस्तू पाहिल्याशिवाय पट्टीची खुमारी कळणार नाही. आपल्याकडं देवी टोचणाऱ्यांच्या पेटीत अनेक वर्षं एक फिरकी असे. दांडीच्या टोकाला दातेरी चकती. कातडीवर लसीचा थेंब ठेवायचा, चकती दाबायची आणि गरकन फिरवायची. काम होई, पण जखम टोचणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून. जोर जास्त झाला की घाव चिघळे, पोर रात्रभर कण्हे. मग १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या वायेथ कंपनीच्या बेंजामिन रुबिन यांनी दोन शेंड्यांची सुई काढली. शिवणयंत्राच्या सुईचं नेढं घासून त्यांनी त्याचा दुबेळका केला. बस, एवढंच. पण त्या दुबेळक्याच्या फटीत काय काय भरलंय ते पाहा. सुई लसीत बुडवून वर काढली की दोन शेंड्यांमध्ये ०.००२५ मिलिलिटरचा थेंब आपोआप अडकून राहतो. माप घ्यायला वेगळं काही लागत नाही. मनगट समोरच्याच्या दंडावर टेकवायचं, सुई उभी धरायची आणि पाच मिलिमीटरच्या वर्तुळात पंधरा वेळा भराभर टोचायचं. थोड्या वेळानं रक्ताचा पुसटसा अंश दिसला की खोली बरोबर. आधीच्या पद्धतीत पंचवीस जणांना पुरणारी कुपी आता शंभरांना पुरू लागली. शिकवायला दहा-पंधरा मिनिटं पुरत. ज्या कामाला कुशल हात हवा होता, ते कौशल्य रुबिन यांनी हातातून काढून पोलादाच्या आकारात बसवलं. वायेथनं या सुईचं हक्कशुल्कही सोडून दिलं. मला ही सुई अजून मोहवते.

आता ज्या कातडीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्याकडं वळू. सगळ्यात वर मृत पेशींचा थर. जाडी अवघी दहा ते वीस मायक्रॉन, पण पाणी, जंतू आणि लसीचे मोठे रेणू यांना तो आत येऊ देत नाही. त्याखाली जिवंत बाह्यत्वचा. तिथं फांद्या फुटलेल्या पेशींचं एक जाळं पसरलेलं असतं. १८६८ साली पाउल लँगरहान्स या बर्लिनमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं सोन्याचा क्षार वापरून त्या पेशी रंगवल्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. पुढं शंभराहून अधिक वर्षांनी कळलं, की त्या पहारेकरी आहेत: परकं काही आलं की ते टिपायचं आणि लसीकाग्रंथीपर्यंत वर्दी पोचवायची. त्याखालच्या अंतस्त्वचेतही असे पहारेकरी भरपूर. स्नायूत मात्र त्यांची वस्ती विरळ. मांडीत एक इंच सुई खुपसून आपण लस अशा ठिकाणी ठेवतो जिथं तिची दखल घेणारे कमी, आणि जाताना जिथं ते दाटीनं बसलेत त्या जागेतून भरधाव निघून जातो. केशवाहिन्या आणि वेदनेचे बहुतेक तंतू दाट होत जातात ते अंतस्त्वचेत, खाली. म्हणजे वरचा अभेद्य थर आणि खालची कळ यांच्या मधोमध एक चिंचोळी, पण पहारेकऱ्यांनी गजबजलेली पट्टी उरते. सूक्ष्मसुईला थांबायचं आहे ते नेमकं तिथं.

कातडीत लस दिली तर थोडक्यात भागतं, हे काही प्रयोगशाळेतलं स्वप्न नाही. २०१६ पासून आपल्याकडं बाळांना पोलिओची टोचून द्यायची लस कातडीत दिली जाते. स्नायूत ०.५ मिलिलिटर लागते, इथं ०.१ मिलिलिटर, म्हणजे एक पंचमांश. ती देताना नर्सताईचा हात निरखा. सुई कातडीला जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांत. टोकाचं छिद्र वर. कातडीत शिरताच थांबायचं. बरोबर बसलं तर मसुराएवढा फिकट फुगवटा उठतो. चुकून खाली गेलं तर फुगवटाच येत नाही. बीसीजीचंही तेच. रडणारं, हातपाय झाडणारं दोन महिन्यांचं बाळ, खोलीचा नाजूक हिशेब आणि बाहेर रांग! असे निष्णात हात आपल्या आरोग्य केंद्रांत आहेत, पण लसीकरणाच्या प्रत्येक दिवशी प्रत्येक गावात ते असतीलच असं धरून चालता येत नाही. दुबेळक्या सुईनं जे केलं तेच पुन्हा करायचं होतं: हातातलं कसब वस्तूत उतरवायचं.

सूक्ष्मसुयांची कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या अल्झा कंपनीच्या मार्टिन गर्स्टेल आणि व्हर्जिल प्लेस यांना १९७६ साली अशा सुयांच्या उपकरणाचं पेटंट मिळालं, पण एवढ्या बारीक सुया घडवायच्या कशानं? उत्तर यायला संगणकाच्या चिपा कोरणारं तंत्र यावं लागलं. १९९८ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्राउस्निट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनमधून दीडशे मायक्रॉन उंचीच्या सुया कोरून दाखवल्या आणि कातडीची पारगम्यता हजारो पटींनी वाढते हे मोजलं. देखण्या होत्या, पण सिलिकॉन ठिसूळ. टोक आत मोडून राहिलं तर? ते तंत्र मागं पडलं आणि विरघळणाऱ्या सुया पुढं आल्या. खरी रसाची जागा इथून सुरू होते.

आधी उंची. २०१५ मध्ये अटलांटात शंभर माणसांवर चाचणी झालेल्या फ्लूच्या पट्टीत शंभर सुया होत्या, प्रत्येकी ६५० मायक्रॉनांची. आता वाचक म्हणेल, बाह्यत्वचा तर शंभरेक मायक्रॉनांची, मग ६५० कशाला? कारण कातडी हट्टी आहे. टेकलेल्या सुईपुढं ती लगेच फाटत नाही. आधी दबते, खोलगट होते, मागं सरते. सुईची बरीचशी उंची या दबण्यातच खर्च होते आणि आत जातो तो तिचा काही भाग. कारागिरानं कातडीची जाडी मोजली असती तर सुई अपुरी पडली असती. त्यानं कातडीचा स्वभाव मोजला. टोक काही मायक्रॉनांपर्यंत निमुळतं, म्हणजे थोड्या जोरात भेदेल असं. बूड रुंद, म्हणजे साखर आणि बहुवारिकाची (पॉलिमरची) ती नाजूक सुई वाकणार-मोडणार नाही. फार सडपातळ केली तर ती कातडीवरच मान टाकते, फार जाड केली तर शिरतच नाही. या दोन अपयशांच्या मधली जी जागा आहे ती अतिशय अरुंद आहे, आणि तो शंकू नेमका तिथं उभा आहे.

मग अंतर. हा तपशील माझ्या विशेष आवडीचा, कारण तो डोळ्याला दिसतो पण सांगितल्याशिवाय उमगत नाही. सुया जास्त, तेवढी लस जास्त. मग शंभराच्या जागी हजार का नकोत? दाटी केली की दाब सगळ्यांत वाटला जातो, प्रत्येक टोकाच्या वाट्याला इतका थोडा जोर येतो की एकही आत जात नाही. खिळ्यांच्या फळीवर निजणाऱ्या साधूला इजा होत नाही ती याच हिशेबानं. तेव्हा दोन सुयांमधली रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नाही; शेजारच्या सुईला कातडी भेदता यावी म्हणून ती सोडलेली आहे. भिंगाखाली नजर आधी टोकांकडं जाते. ती जरा हटवून मधल्या मोकळ्या जागेकडं न्यावी.

या सुया कोरत नाहीत, ओततात. शिमग्याला आणि पाडव्याला आपल्या बाजारात साखरेच्या गाठी येतात, त्या लाकडी साच्यात पाक ओतून होतात. इथली रीत तीच, फक्त साचा रबरासारख्या मऊ सिलिकोनचा, आणि त्यातल्या खळग्या उलट्या शंकूच्या. पण पाक उकळता असतो आणि इथं उकळता तर सोडाच, कोमट द्रावही चालत नाही. जिवंत लस मरून जाईल. तेव्हा द्राव थंड, पाण्यातला. तो मायक्रॉनभर रुंद टोकापर्यंत आपणहून उतरत नाही. तळाशी हवा अडकते. म्हणून निर्वात करून हवा ओढून घेतात, किंवा साचा गरगर फिरवून द्राव टोकात दाबतात. आणि मग खरी चलाखी: ओतणं दोनदा होतं. पहिल्या ओतण्यात लस असते, ती फक्त टोकांत बसवतात आणि वाळू देतात. दुसऱ्या ओतण्यात लस नसतेच. त्यानं सुईचं बूड आणि पाठ तयार होते. पाठ तर कातडीबाहेरच राहणार आहे, तिच्यात घातलेला लसीचा प्रत्येक कण फुकट. वाळलेली पट्टी साच्यातून सोलून काढली की सुई एकसंध दिसते, जोड कुठंच दिसत नाही, पण मौल्यवान ते सगळं शेंड्यात आहे. एवढ्याशा वस्तूत इतकी काटकसर मी दुसरीकडं क्वचितच पाहिली आहे.

साखर तिथं गोडीसाठी नाही आणि नुसत्या आकारासाठीही नाही. निपाणी-संकेश्वरच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला साखर म्हणजे दाणा; चांगला पाक म्हणजे कडक स्फटिक. इथं स्फटिक झाला की घात. सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज अशा बेतानं वाळवतात, की रेणूंना रांगेत बसायला सवडच मिळू नये; ती काचेसारखी, विस्कळीत आणि स्थिर गोठते. लसीतून पाणी निघून जातं तेव्हा प्रथिनांचा आधार सुटतो आणि ती कोलमडतात. पाण्याची ती जागा साखर घेते आणि त्यांना आहे त्या आकारात धरून ठेवते. फ्लूच्या पट्टीतली लस ४० अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवूनही शाबूत राहिली होती. गोवराची लस इतकी सोशिक नाही, पण कुपीतल्यापेक्षा पट्टीत तिचा उन्हाशी अधिक वेळ निभाव लागेल अशी उमेद आहे. या काचेचा शत्रू उन्हाळ्यापेक्षा पावसाळा आहे. बेळगुंदीच्या आषाढात जिथं आगपेटी पेटत नाही, तिथं उघडी पट्टी हवेतला ओलावा पिऊन मऊ पडेल. म्हणून ती ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पाकिटात असते आणि लावायच्या क्षणीच फोडायची असते.

लावणं पाहायला जावं तर पाहण्यासारखं काही घडतच नाही. मनगटावर ठेवायची आणि अंगठ्यानं दाबायची. किती जोरानं? इथंही दाबणाऱ्याच्या अंदाजावर काही सोडलेलं नाही. पट्टीच्या पाठीत एक लहानशी घुमटी असते. पुरेसा जोर पडला की ती टक् करून बसते. आवाज आला की जोर पुरला. अटलांटाच्या चाचणीत काही जणांनी सूचनांप्रमाणे पट्टी स्वतःच लावून घेतली, आणि त्यांच्या शरीरानं दिलेला प्रतिसाद दवाखान्यातल्या माणसानं लावलेल्यांपेक्षा कमी नव्हता. पुढं काही मिनिटं नुसतं बसून राहायचं. कातडीतल्या ओलाव्यात टोकं विरघळतात. काढलेल्या पट्टीवर शेंडे नसतात, बोथट बुंधे उरतात. ती दुसऱ्या कुणाला टोचता येत नाही, कचऱ्यात कुणाच्या पायात घुसत नाही. दूषित सुई पुन्हा वापरली जाण्याची भीती नियमांनी आणि एकदाच चालणाऱ्या सिरिंजांनी आटोक्यात आणावी लागली होती. इथं सुईच शिल्लक राहत नाही.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली ती गँबियात, आणि तिचं अर्धं श्रेय पुण्याला आहे. तिथं तपासलेली गोवर-रुबेलाची पट्टी अटलांटाच्या मायक्रॉन बायोमेडिकल कंपनीची, पण तिच्या शेंड्यांत साखरेबरोबर बसलेले विषाणू हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचे: गोवराचा एडमन्स्टन-झाग्रेब वाण आणि रुबेलाचा आरए २७/३. २०२४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निकाल आले. ४५ प्रौढ, १५ ते १८ महिन्यांची १२० मुलं आणि ९-१० महिन्यांची १२० बाळं. चाचणीची आखणीही रसिकानं दाद द्यावी अशी. प्रत्येकाला पट्टीही लावली आणि इंजेक्शनही दिलं. दोहोंपैकी एक रिकामं. कुठलं, ते ना आईला ठाऊक ना तपासणाऱ्याला. पट्टी मनगटावर पाच मिनिटं. बाळांत गोवराविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली ती पट्टीच्या गटात ९३ टक्क्यांत आणि इंजेक्शनच्या गटात ९० टक्क्यांत. रुबेलाविरुद्ध दोन्हीकडं शंभर टक्क्यांत. लहान चाचणी आहे, यावरून पट्टी वरचढ असा निवाडा करता येत नाही, आणि करणाऱ्यांनीही केलेला नाही. पण गोवराची लस आज कशी दिली जाते ते आठवा: सुकी भुकटी, वेगळा द्राव, मिसळताना चूक होण्याची धास्ती, एकदा मिसळली की काही तासांत संपवायची किंवा फेकायची. वाडीवर तीनच बाळं असली तर बाकीचे डोस वाया जातील म्हणून कुपी फोडावी की नाही, हा प्रश्न नर्सताईला पडतो. पट्टीत मिसळणं नाही, कुपी नाही. एक बाळ, एक पट्टी.

दोषही आहेत, आणि ते झाकून केलेलं रसग्रहण म्हणजे जाहिरात. शेंड्यांत मावतं ते फार थोडं. ज्या लसीला मोठी मात्रा लागते तिला ही वस्तू उपयोगाची नाही. ज्या लसींत ॲल्युमिनियमचा क्षार घालावा लागतो, त्या कातडीत उतरल्या की जागा चिडते. गँबियातल्या बऱ्याच मुलांच्या मनगटावर काही दिवस कडकपणा आणि काळसर डाग राहिला. आणि कोट्यवधी पट्ट्या निर्जंतुक वातावरणात, दर वेळी शंभराच्या शंभर टोकं शाबूत ठेवून ओतायच्या, हे प्रयोगशाळेत एक ओतण्यापेक्षा वेगळं काम आहे. त्या पल्ल्यावर अजून कुणी पोचलेलं नाही, आणि आपल्या राष्ट्रीय लसीकरणातही पट्टी अजून आलेली नाही.

एका तपशिलाबद्दल मात्र माझं मन शेवटपर्यंत साशंक आहे. देवीची लस वण ठेवून जाई. मोहिमेतली माणसं गावात शिरली की पोरांच्या बाह्या वर करायला लावत, वण मोजत आणि कुठली गल्ली राहिली ते त्यावरून ठरवत. कागद हरवला तरी हात साक्ष देई. पट्टीचा डाग मावळतो, मग कुणाला लस मिळाली हे कसं कळायचं? २०१९ मध्ये एमआयटीच्या ॲना याकलेनेक, रॉबर्ट लँगर आणि केव्हिन मॅकह्यू यांच्या गटानं त्यावर तोड काढली. विरघळणाऱ्या सूक्ष्मसुयांतूनच डोळ्याला न दिसणारे सूक्ष्म कण कातडीत ठेवायचे. ते अवरक्त प्रकाशात चमकतात आणि बदल केलेल्या फोननं वाचता येतात. काम अत्यंत देखणं आहे. त्या कणांचा गाभा तांब्याच्या संयुगाचा, वर कवच, त्यावर पुन्हा टिकाऊ वेष्टन, आणि हे सगळं एका शंकूच्या पोटात. तरीही मला ते पट्टीवर लादलेलं वाटतं. शेंडा विरघळून जाणं हेच जिचं सौंदर्य, तिच्यात कायम राहणारं काही कशाला पेरायचं? बेळगुंदीच्या घरात आई-बाळाच्या नोंदींचं तायी कार्ड ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं, कुठंतरी जपलेलं असतं. त्यावरची तारीख आजीलाही वाचता येते आणि शाळेतल्या पोरालाही. बाळाच्या कातडीत लिहिलेलं मात्र तो फोन ज्याच्या हातात, त्यालाच वाचता येईल. खुद्द त्या बाळाला, मोठं झाल्यावरसुद्धा, नाही.